नाव कोठे लिहावे?

गेल्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील अकरा युवक-युवतींना घेऊन आम्ही मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर पायी गेलो. निमित्त एका खेळाचे होते. एखाद्या आडजागी डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवायचे आणि त्यांनी उपग्रहाच्या आधाराने ती शोधून काढायची. याला जिओकॅशिंग म्हणतात. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने उपग्रह-संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता दूर केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील रानात पहिली बादली लपविली. तीत काही किरकोळ वस्तू, एक वही आणि पेन्सिल होती. नियम साधा होता: काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी.

कल्पना मात्र जुनीच. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती. तिथवर चालत येणारा प्रवासी तीत आपल्या नावाची चिठ्ठी टाकी.

सड्याकडे चढणाऱ्या पायवाटेवर एक जुना मांगर लागला. गुरे, गवत आणि अवजारे यांसाठी बांधलेले हे शेतघर. भिंती चिऱ्याच्या, छपरावर मंगळुरी कौले. बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला. ती कौले पुढे गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने सर्वत्र पोहोचली. चिरा मात्र इथल्याच जांभ्याचा. या खडकाला फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लाटेर’ म्हणजे वीट. केरळात लोक हा खडक विटांसारखा कापून घरे बांधतात, हे त्याने पाहिले होते. सेमिनरीत घोकलेले लॅटिन अशा ठिकाणी उपयोगी पडले, याची आम्हांस मौज वाटली.

मांगराचे मालक, ऐंशीच्या घरातील एक आजोबा, अंगणात बसले होते. आम्ही कोठे निघालो ते ऐकून ते हसले. “बाहुल्यांच्या टेंबार जातास? आमका तर ती ल्हानपणापासून ठावक. पण कोणी इचारूकच नाय.”

त्यांच्या या एका वाक्यात या शोधाचा सगळा इतिहास सामावलेला आहे. सतीश लळीत यांनी २००१ मध्ये याच तालुक्यातील हिवाळे येथील कातळशिल्पे आणि २०१२ मध्ये कुडोपीची कातळशिल्पे अभ्यासकांपुढे आणली. परंतु ‘बाहुल्यांचे टेंब’ हे नाव गावकऱ्यांच्या तोंडी आधीपासूनच होते. ठिकाणाचा पत्ता त्या नावातच जपलेला होता. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत रत्नागिरी जिल्ह्यातील सात आणि गोव्यातील एका स्थळाबरोबर कुडोपीचाही समावेश झाला.

सड्यावर पोहोचल्यावर मुले गप्प झाली. पायांखालच्या कातळात मनुष्याकृती, मासे आणि गूढ भौमितिक रचना कोरलेल्या होत्या. ही चित्रे प्रागैतिहासिक मानली जातात. थोड्या वेळाने आमचे लक्ष गेले, तो एक मुलगा टोकदार खडा घेऊन एका आकृतीशेजारी आपल्या नावाचे पहिले अक्षर खरवडू पाहत होता. आम्ही त्याचा हात धरला. तो ओशाळला, पण त्याने विचारले, “फादर, ज्यांनी हे काढलं त्यांनीही दगडच खरवडला ना?”

प्रश्न खोटा नव्हता. मांगर बांधणाऱ्यांनीही हाच दगड कापला होता. आम्ही क्षणभर थांबलो. मग म्हणालो, “बाळा, त्यांनी चित्र ठेवले, नाव ठेवले नाही. तू नाव ठेवशील आणि चित्र बिघडवशील.” जांभा कापणे हे पाप नव्हे, आपण सारे त्याच्याच घरांत वाढलो. पण आज यंत्राच्या पात्यापुढे चिरेखाण एका हंगामात कितीतरी सडा गिळते. खाली चित्र आहे की नाही, हे पाते पाहत नाही. म्हणून ज्याला ठावे आहे त्याने आधी सांगितले पाहिजे. आणि इतरांनी त्याला विचारले पाहिजे.

आमची डबी आम्ही सड्यावर ठेवलीच नाही. परतताना आजोबांच्या परवानगीने ती मांगराच्या कोनाड्यात ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर अकरा जणांनी नावे लिहिली. ओशाळलेल्या मुलाने सर्वांत शेवटी, पण सुवाच्य अक्षरांत लिहिले. मग त्यानेच ती वही आजोबांपुढे धरली आणि विचारले, “आजोबा, तुमचं नाव काय लिहू?”