स्तंभाच्या गुणधर्मांतील बदल (डेटाबेस)

संबंधाधारित डेटाबेसमधील सारणीत माहिती भरली गेल्यानंतर तिच्या एखाद्या स्तंभाचा विदाप्रकार, लांबी, पूर्वनिर्धारित मूल्य किंवा तो रिक्त ठेवण्याची मुभा बदलणे, यास स्तंभाच्या गुणधर्मांतील बदल असे म्हणतात. एसक्यूएल भाषेत हा बदल 'ऑल्टर टेबल' या आज्ञेने केला जातो. रिकाम्या सारणीत तो क्षणात होतो. भरलेल्या सारणीत मात्र आधीची प्रत्येक नोंद नव्या नियमात बसावी लागते.

लांबी आणि अर्थ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यांना राज्यांतर्गत दोन अंकी संकेतांक होते. महाराष्ट्रात (राज्य संकेतांक २७) हिंगोलीचा १६ होता. २०११ मध्ये देशभर सलग तीन अंकी क्रमांक दिले गेले आणि हिंगोलीचा ५१२ झाला. दोन अक्षरांच्या स्तंभात ५१२ मावत नाही, म्हणून लांबी वाढवावी लागते. परंतु लांबी वाढवल्याने जुना १६ आपोआप ५१२ होत नाही. नव्या यादीत १६ हा क्रमांक जम्मू-काश्मीरमधील एका जिल्ह्याचा आहे. अशा वेळी संगणक कोणतीही चूक दाखवत नाही आणि हिंगोलीची आकडेवारी निमूटपणे परक्या जिल्ह्याच्या नावावर जाते. त्यामुळे जुने संकेतांक बदलणारी 'अपडेट' आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. मजकूर-प्रकाराचा स्तंभ पूर्णांक-प्रकाराचा केल्यास नंदुरबारच्या ०१ मधील शून्यही गळते. संकेतांकांची बेरीज कोणी करत नसल्याने ते मजकूर म्हणूनच ठेवणे इष्ट.

देवनागरीतील नावे

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह व मात्रा तीन बाइट व्यापते. ओरॅकलमध्ये वेगळे न सांगितल्यास स्तंभाची लांबी बाइटमध्ये मोजली जाते. वीस बाइटांच्या स्तंभात 'परभणी' (१५), 'सेनगाव' (१८) आणि 'वसमत' (१२) बसतात. 'हिंगोली' व 'कळमनुरी' (प्रत्येकी २१) बसत नाहीत, तर 'औंढा नागनाथ' ३१ बाइट मागते. २०२३ मध्ये औरंगाबादचे नामांतर झाले, तेव्हा २४ बाइटांच्या नावाऐवजी 'छत्रपती संभाजीनगर' हे ४९ बाइटांचे नाव आले. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या सारण्या मराठीला अपुऱ्या पडतात, त्या अशा.

प्रणालींमधील फरक

एसक्यूएल सर्व्हर व पोस्टग्रेएसक्यूएल 'ऑल्टर कॉलम' हे शब्द वापरतात, तर ओरॅकल व मायएसक्यूएल 'मॉडिफाय' वापरतात. मायएसक्यूएलमध्ये स्तंभाची व्याख्या संपूर्ण पुन्हा लिहावी लागते. 'नॉट नल' लिहायचे राहिल्यास ती अट नाहीशी होते. लांबी कमी करताना मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या जास्तीचा मजकूर कापून केवळ इशारा देत असत, ५.७ पासून मूळ मांडणीतच ही आज्ञा नाकारली जाते. एसक्यूलाइटमध्ये विदाप्रकार बदलण्याची आज्ञाच नाही. तेथे नवी सारणी करून नोंदी तिच्यात उतरवतात.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मजकुराची लांबी वाढवताना सारणी पुन्हा लिहिली जात नाही. प्रकार बदलताना मात्र बहुधा ती पूर्ण लिहावी लागते आणि तोपर्यंत इतरांना ती वाचताही येत नाही. तेथे हा बदल व्यवहाराच्या आत करून मागे घेता येतो. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये तो तत्काळ कायम होतो. म्हणून या दोहोंत आज्ञा देण्यापूर्वी सारणीची प्रत काढून ठेवणे अनिवार्य मानले जाते.