वातनलिकांची गळती व लिंपण

मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रातली थंड हवा खोल्यांत पोचवणाऱ्या व खोल्यांतली हवा यंत्राकडे परत आणणाऱ्या नळ्यांना वातनलिका किंवा व्यवहारात डक्ट म्हणतात. त्यांच्या सांध्यांतील फटी कायमच्या बुजवणे म्हणजे लिंपण. हा विषय मुख्यतः अमेरिकेतील घरांचा आहे. महाराष्ट्रातील घरांत एसी असलाच तर तो बहुधा स्प्लिट असतो, त्याला डक्ट नसतो. मात्र डक्टेबल यंत्र बसवलेल्या बंगल्यांना व कार्यालयांना पुढील माहिती लागू पडते.

गळतीचे प्रमाण : ‘एनर्जी स्टार’ या अमेरिकी सरकारी कार्यक्रमानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणारी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. तीन टनी यंत्र मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट हवा ढकलते. त्यातली २० टक्के गळाली, तर १० × १० × ९ फुटांची एक खोली भरेल इतकी थंड हवा दर चार मिनिटांनी वाया जाते. यंत्र मोठे घेतले तरी ही गळती थांबत नाही, म्हणून नव्या खरेदीआधी नळ्या तपासणे शहाणपणाचे.

परिणाम : अनेक घरांत डक्ट छपराखालच्या पोटमाळ्यातून जातात. उन्हाळ्यात तिथले तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पुरवठ्याच्या नळीला फट असेल तर थंडावा माळ्यात जातो आणि घरातला दाब कमी होऊन बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. परतीच्या नळीला फट असेल तर माळ्यातली तापलेली, धुळीची हवा थेट यंत्रात शिरते. फ्लॉरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरोघरी मोजमापे घेतली. यंत्राचा पंखा सुरू होताच घरात बाहेरची हवा शिरण्याचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले.

तपासणी : खोल्यांतली सर्व हवाद्वारे कागदाने किंवा प्लास्टिकने बंद करतात. मग मापक पंख्याने नळ्यांत २५ पास्कल दाब निर्माण करतात. हा दाब टिकवायला जितकी हवा सतत सोडावी लागते, तितकी गळती. धुराची बारीक रेघ सांध्याजवळ धरली की ती जिथे वाकते तिथे फट सापडते.

पद्धती : सर्वांत भरवशाचे साधन मॅस्टिक, म्हणजे दह्याहून घट्ट असा चिकट लेप. सांधा पुसून कोरडा करतात आणि ब्रशने लेप जाड थापतात. ६ मिलिमीटरहून रुंद फटीवर आधी काचतंतूंची जाळी बसवतात. लेप सुकल्यावरही थोडा लवचीक राहतो, त्यामुळे नळी तापली-निवली तरी तडकत नाही. लवचीक नळीचे आतले अस्तर गळपट्टीवर ओढून पट्ट्याने आवळावे लागते. नुसत्या लेपावर ती टिकत नाही.

कापडी ‘डक्ट टेप’ मात्र या कामाला वापरू नये. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन व आयन वॉकर यांनी १९९८ साली जाहीर केलेल्या चाचण्यांत तापवण्या-गारवण्याच्या फेऱ्यांत हीच टेप निकामी ठरली. टेपच हवी असेल तर यूएल १८१ मानकाची फॉइल टेप घ्यावी. भिंतीआड हात पोचत नाही तिथे चिकट कणांचा फवारा नळ्यांत सोडतात. बाहेर निसटताना कण फटीच्या कडांना साचत जातात. ही पद्धत त्याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. सुमारे १६ मिलिमीटरपर्यंतची भोके तिने बुजतात.

खबरदारी : लिंपण पूर्ण झाल्याशिवाय नळ्यांवर उष्णतारोधक गुंडाळू नये, कारण मग फटी झाकल्या जातात पण गळत राहतात. घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा भट्टी असेल तर काम संपल्यावर धूर धुराड्यातून नीट बाहेर जातो का, हे जाणकाराकडून अवश्य तपासून घ्यावे. घरातला दाब बदलल्यास कार्बन मोनॉक्साइड उलट घरात येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. शेवटी दाबाची चाचणी पुन्हा करून आधीचा व नंतरचा आकडा ताडून पाहावा. आकडा उतरला, तरच लिंपण नीट झाले असे समजावे.