रामशास्त्री आणि निक्सन

घोडेगावच्या शाळेत रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट ऐकताना आमची छाती फुगायची. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. पण दादा गादीवर बसले आणि शास्त्रीबुवाच पुणे सोडून गेले. दादांना हटवले ते १७७४ मध्ये बारभाईंनी.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन वॉटरगेटच्या ध्वनिफिती देईनात. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या द्यायला लावल्या. सोळा दिवसांत निक्सन गेले. न्यायाधीश जागेवरच राहिले. कारण १७८७ मध्ये लिहिलेल्या राज्यघटनेने अध्यक्षाला सैन्य दिले, पण खजिना आणि महाभियोग काँग्रेसच्या हाती ठेवला.

मंडळी, निस्पृह माणसे हवीतच. पण त्यांच्या पाठीशी लेखी कायदा नसेल, तर गाव त्यांनाच सोडावे लागते.