टोंगा गप्प होण्याआधीचे अडतीस तास

शुक्रवार, 14 जानेवारी 2022, पहाटे 4.20. उरले 38 तास.

हुंगा टोंगा–हुंगा हाआपाई पुन्हा पेटला. टोंगाची राजधानी नुकुआलोफा इथून जेमतेम 65 किलोमीटरवरचा, जवळजवळ सगळा पाण्याखाली असलेला हा ज्वालामुखी 20 डिसेंबरपासून धुमसत होता. जानेवारीच्या सुरुवातीला तो निवला आणि 11 तारखेला तो शांत झाल्याचं जाहीरही झालं. आज पहाटे राखेचा स्तंभ 20 किलोमीटर उंच चढला. त्सुनामीचा इशारा निघाला, किनाऱ्यापासून दूर राहा असं सांगितलं गेलं. रेडिओ चालू आहे, फोन चालू आहेत, फेसबुकवर राखेच्या ढगाचे फोटो पडत आहेत.

दुपार. उरले 30 तास.

या वेळेला टोंगाची बाकी जगाशी गाठ कशी बांधलेली आहे, ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं.

सुमारे 170 बेटं, त्यातली 36 वस्तीची. सगळी मिळून माणसं लाखभर. एवढ्या गिऱ्हाइकांवर दोन कंपन्या धंदा करतात: सरकारी टोंगा कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन आणि खासगी डिजिसेल. 2013 पर्यंत परदेशाशी संपर्क उपग्रहावरून होता, महाग आणि संथ. मग जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या मदतीने फिजीतल्या सुवापर्यंत 827 किलोमीटरची समुद्री केबल आली. तिथून ती सदर्न क्रॉस या मोठ्या केबलला जोडली आहे. 2018 मध्ये तिच्या जोडीला देशांतर्गत केबल पडली. हाआपाई आणि वावाऊ हे उत्तरेचे द्वीपसमूह राजधानीला जोडले गेले.

म्हणजे बाहेर जायची वाट एकच. मुंबईत वर्सोव्याला अशा कित्येक केबल किनाऱ्याला लागतात. एक तुटली तर वाहतूक दुसरीवर वळते, आपल्याला फार तर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. टोंगात वळायला जागाच नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असंही म्हणता येत नाही. 20 जानेवारी 2019 ला हीच केबल तुटली. कारण निघालं एका जहाजाचा नांगर. जवळजवळ दोन आठवडे देश उपग्रहाच्या चिंचोळ्या वाटेवर जगला. ती वाट तुंबू नये म्हणून फेसबुकसारख्या गोष्टी अडवून ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी कॅसिफिक या उपग्रह कंपनीशी 15 वर्षांचा करारही झाला. पण करारावरून वाद पेटला आणि ही राखीव सेवा कधी सुरूच झाली नाही. आज, 14 जानेवारी 2022 ला, ती कागदावरच आहे.

मला राग येतो तो इथे. लाखभर लोकांच्या बाजारात दुसरी केबल कधीच परवडणार नाही. पहिलीचीच क्षमता पुरून उरते, मग दुसरीचा खर्च कुणी आणि कुठून भरून काढायचा? दोन कंपन्यांच्या चढाओढीने रिचार्ज स्वस्त होतो, पण दोघींचंही इंटरनेट त्याच एका केबलने येतं. ही जबाबदारी बाजाराची नव्हतीच. ती देशाची होती, आणि ज्या देणगीदारांनी पहिली केबल दिली त्यांचीही.

संध्याकाळी 5 ते 6.30. उरले 25 तास.

टोंगाचे भूगर्भशास्त्रज्ञ बोटीने ज्वालामुखीजवळ गेले. त्यांनी काढलेल्या फोटोंमध्ये काळ्या राखेचे फवारे समुद्रातून उसळताना दिसतात. इतक्या तुटपुंज्या साधनांवर आपलं काम चोख करणारी ही माणसं होती.

शनिवार, 15 जानेवारी, दुपारी साडेतीनच्या आसपास. उरले 3 तास.

उपग्रहाच्या छायाचित्रात बेटाचा मधला भाग दिसत नाही. 2014-15 च्या उद्रेकाने दोन जुन्या बेटांना जोडणारी जमीन घडवली होती, ती पाण्याखाली गेली.

5.15. उरला दीड तास.

मुख्य स्फोट. राखेचा स्तंभ 57 किलोमीटरवर, स्थितांबराच्याही वर गेला. एवढा उंच ज्वालामुखीय स्तंभ याआधी मोजला गेला नव्हता. आवाज अलास्कापर्यंत ऐकू आला आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला फेऱ्या घालत राहिली. नुकुआलोफात पाणी रस्त्यावर आलं, गाड्या उंच जागा शोधत निघाल्या. लोक हातातल्या मोबाइलवर हे सगळं टिपत होते, पाठवत होते. जगाने पाहिलेले त्या संध्याकाळचे व्हिडिओ या तास-दीड तासातले आहेत.

5.30. उरला सवा तास.

वर लाटा दिसत होत्या, खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. आकाशात गेलेला मालमसाला समुद्रात कोसळला आणि ज्वालामुखीच्या उतारांवरून राख-खडकांचे लोंढे तळाशी धावत सुटले. शास्त्रज्ञांनी पुढे त्यांचा वेग काढला तो तासाला 122 किलोमीटरपर्यंत. हा हिशेब लागला केबल तुटण्याच्या वेळांवरूनच. स्फोटानंतर साधारण पंधरा मिनिटांत देशांतर्गत केबल गेली. हाआपाई आणि वावाऊ राजधानीपासून तुटले, तेही नेमक्या त्या घटकेला जेव्हा हाआपाईच्या सखल बेटांवर लाटा चढत होत्या.

पावणेसातच्या सुमारास. शून्य.

लोंढा फिजीच्या केबलपर्यंत पोहोचला. खोल समुद्रात अशी केबल बागेतल्या पाइपाएवढी जाड असते. टोंगाकडून येणारी वाहतूक शून्यावर आली.

त्यानंतर.

ऑकलंड, सिडनी, सॉल्ट लेक सिटी. देशात जितके टोंगन राहतात त्याहून जास्त बाहेर राहतात, आणि त्या रात्री हे सगळे एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. अटाटा बेटावरच्या एका अपंग निवृत्त सुताराला लाटेने ओढून नेलं. मुलाची हाक त्याला ऐकू येत होती, पण मुलगा पाण्यात उडी घेईल या भीतीने त्याने ओ दिली नाही. बेटामागून बेट गाठत दिवसाहून अधिक काळ झुंजून तो टोंगाटापू या मुख्य बेटावर पोहोचला. बाहेरच्या जगाला हे कळायला अनेक दिवस गेले.

17 तारखेला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची टेहळणी विमानं वरून गेली, तेव्हा मांगो बेटावरची घरं नाहीशी झाल्याचं दिसलं. टोंगा सरकारचं पहिलं अधिकृत निवेदन जगाला मिळालं ते 18 ला, तिसऱ्या दिवशी. मोजके उपग्रह फोन होते, पण राखेने तेही अडखळत होते. धावपट्टीवरची राख माणसांनी फावड्यांनी उपसली, म्हणून 20 तारखेला मदतीची विमानं उतरू शकली. डिजिसेलने साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या डिशच्या आधाराने परदेशी कॉल सुरू केले, तेही मर्यादित.

पैशाचंही तेच. परदेशातले नातलग घरी जे पाठवतात, ते टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चार दशांश भरतं. पाणी राखेने नासलेलं, घर ओलं, आणि ऑकलंडमधला भाऊ पैसे द्यायला तयार असूनही हस्तांतराची यंत्रणा बंद.

दुरुस्तीचं जहाज ‘रिलायन्स’ पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्सबीत होतं. ते सामोआमार्गे आलं. केबल एका जागी तुटलेली नव्हती, तुकडे गाळात गाडले गेले होते, काही आपल्या जागेपासून कित्येक किलोमीटर सरकले होते. 80-90 किलोमीटर केबल नवी घालावी लागली. 22 फेब्रुवारीला, अडतिसाव्या दिवशी, टोंगाटापूवर इंटरनेट परतलं.

हाआपाई-वावाऊची केबल मात्र तशीच राहिली. दुरुस्तीला लागेल एवढी केबल शिल्लकच नव्हती, ती बनवून घ्यावी लागली. ज्या द्वीपसमूहाने लाटांचा सर्वांत मोठा मार खाल्ला, तिथले लोक दीड वर्ष उपग्रहाच्या तुटपुंज्या सेवेवर राहिले. ती केबल 2023 च्या मध्याला जोडली गेली, आणि जून 2024 मध्ये भूकंपानंतर पुन्हा तुटली.