तोंगझी

चीनच्या बातम्या मराठीत वाचताना ‘कॉम्रेड’ पावलोपावली भेटतो. मूळ चिनी शब्द ‘तोंगझी’. तोंग म्हणजे समान, झी म्हणजे ध्येय. कॉम्रेडचं मूळ स्पॅनिश ‘कामारादा’त, म्हणजे एका खोलीत राहणाऱ्या सोबत्यात. चिन्यांनी खोली नाही, मन जुळवलं.

शब्द तसा कम्युनिस्टांचा खासगी नव्हेच. १९२५ साली सन यत-सेन यांनी मृत्युपत्रात क्वोमिंतांग या आपल्या राष्ट्रवादी पक्षातल्या सहकाऱ्यांना हीच हाक मारली होती. १९४९मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर मात्र मंत्री, बसवाहक, दुकानदार सगळेच तोंगझी झाले. जुनी आदरार्थी संबोधनं सरंजामी ठरली. १९७८च्या आर्थिक सुधारणांनंतर हाती पैसा खुळखुळू लागला आणि ‘लाओबान’, म्हणजे शेठजी, थाटात परतले. ‘श्याओज्ये’, म्हणजे कुमारी, हेही परतलं. पण वेश्याव्यवसायाशी जोडलं जाऊन असं बदनाम झालं की आज कित्येक ठिकाणी तरुणीला तशी हाक मारली तर शिवी हासडल्यासारखं होतं.

तोंगझीची खरी गंमत हाँगकाँगमध्ये झाली. १९८९मध्ये तिथल्या एका चित्रपट महोत्सवाने समलिंगी व्यक्तींसाठी तो शब्द उचलला. हा अर्थ चीनभर रुळला, तरी २०१२च्या ‘आधुनिक चिनी शब्दकोशा’ने तो मुद्दाम गाळला. कोशाने डोळे मिटले म्हणून बोली थोडीच थांबते!

२०१६मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सदस्यांना पुन्हा बजावलं : एकमेकांना तोंगझीच म्हणा. संचलनात शी चिनफिंग सैनिकांना ‘तोंगझी’ म्हणूनच अभिवादन करतात. उत्तर येतं, ‘चुशी हाओ’, नमस्कार अध्यक्ष!