रायपूरला आलेला पाहुणा काय खातो?

मागचे काही भाग आपण किल्ले आणि लढाया यांत घालवले. आज स्वयंपाकघरात जाऊ. विषय साधा आहे. मुंबई-हावडा गाडीने कोणी रायपूरला उतरला आणि म्हणाला, "इथलं काहीतरी खायला घाला," तर त्याला कुठे न्यायचं? मी रायपूरचाच. हा प्रश्न मला पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांनी इतक्यांदा विचारला आहे, की शेवटी त्याचा इतिहास शोधावा लागला.

स्टेशनबाहेर पाहुण्याला पनीर मिळेल, डोसा मिळेल, कचोरी-जिलेबी तर सकाळपासून मिळेल. पण हा धानाचा प्रदेश. धान का कटोरा म्हणतात याला. मग इथला तांदूळ बाजारात खायला का मिळत नाही?

आधी आपण मराठी माणसं इथे कशी आलो ते दोन मिनिटांत सांगतो. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून आला आणि हैहयवंशी राजांची सत्ता मोडली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपूरला राहून कारभार पाहू लागले, ते १७८७ मध्ये वारले तोवर. रतनपूरच्या रामटेकरीवरचं राममंदिर त्यांचं. नाव ऐकलंत की नागपूरजवळचं रामटेक आठवतं. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची चालही त्यांनीच इथे आणली, असं सांगतात. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. सत्ता गेली, माणसं राहिली. रायपूरचा तात्यापारा, लाखेनगर ही नावं त्याच वस्तीची. लाखेनगर ज्यांच्या नावाने आहे ते वामनराव लाखे इथल्या सहकारी चळवळीचे पुढारी. गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रेही रायपूरलाच राहिले आणि १९२६ मध्ये इथेच गेले.

ही माणसं इथे आली, पण स्वयंपाकघर सोबत घेऊन आली. आमच्या घरी चार पिढ्या रायपूरला, तरी गोडा मसाला नागपूरहून यायचा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेलात तर आजही मराठी जेवणाच्या गप्पा ऐकू येतील. त्यात वाईट काही नाही. पण शेजारच्या चुलीवर काय शिजतं, याकडे आपलं लक्ष उशिरा गेलं.

आता मूळ प्रश्न. इथलं अन्न बाजारात का आलं नाही? मला त्याचं उत्तर दोन शब्दांत दिसतं: कच्ची आणि पक्की. उत्तरेकडे आणि मध्य भारतात पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, तुपा-तेलात तळलेलं ते पक्कं. पक्कं अन्न हलवायाकडून घेऊन खाल्लं तरी चालायचं. कच्चं मात्र घरचं किंवा आपल्या जातीच्या हातचंच. आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याचा हा थोरला भाऊ. आता पाहा, गव्हाच्या मुलखात पुरी-कचोरी पक्की, म्हणून ती दुकानात आली. पण जिथे रोजचं जेवणच भात, तिथे सगळं अन्न कच्च्यात पडलं. ते घरातच राहिलं. प्रवासी रस्त्यावर जे खात होता ते दुसऱ्यांचं, आणि घरात शिजत होतं ते त्याला कधी दिसलंच नाही.

दुसरं कारण लाजेचं. रात्रीचा उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी कांदा, मीठ, चटणी, असलंच तर दही घेऊन खायचा, ही इथली बोरे बासी. बोरे म्हणजे बुडवलेलं, बासी म्हणजे शिळं. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्या माणसाला याहून थंडावा देणारं दुसरं काही नाही. पण शिळं ते गरिबाचं, म्हणून शहरात आलेला मुलगा ते चारचौघांत खाईना. १ मे २०२२ ला, कामगार दिनी, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच लोकांना बोरे बासी खाण्याचं आवाहन केलं. राजकारण त्यात होतंच. पण एका प्रांताला आपला शिळा भात उजळ माथ्याने खायला सरकारी आवाहन लागतं, हा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. इटलीचं उदाहरण घ्या. आज जगभर इटालियन म्हणून पिझ्झा-पास्ता विकतात. पण इटली नावाचं राज्य झालं १८६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इकडे नागपूरसह मध्य प्रांत झाला त्याच वर्षी. पिझ्झा नेपल्सचा, रिसोत्तो मिलानचा, पोलेंता उत्तरेतल्या गरीब शेतकऱ्याची मक्याची लापशी. पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये पदरमोड करून पाककृतींचं पुस्तक छापलं, तेव्हा कुठे या गावच्या गृहिणीला त्या गावचं जेवण कळू लागलं. म्हणून जाणता प्रवासी तिकडे "इटालियन कुठे मिळेल" असं विचारत नाही. या गावात काय शिजतं, आणि आत्ता कशाचा हंगाम आहे, हे विचारतो. पोलेंताची लाज जाऊन ती हॉटेलात चढायला त्यांनाही बराच काळ लागला.

छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. राज्य झालं की गाणं लागतं, चिन्ह लागतं, आणि पाहुण्यापुढे ठेवायला ताटही लागतं. २६ जानेवारी २०१६ ला रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात गढ कलेवा सुरू झालं. कलेवा म्हणजे न्याहारी. हे संग्रहालय १८७५ सालचं, राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून उभं राहिलेलं. आत दगडी मूर्ती, बाहेर झाडाखाली गरम चिला. चालवतात बचत गटाच्या बायका. पुढे इतर जिल्ह्यांतही अशी ठिकाणं निघाली.

तिथे गेलात तर काय मागाल? मराठी माणसाला काहीच परकं वाटणार नाही. चिला म्हणजे तांदळाच्या पिठाचं घावन, सोबत पताल म्हणजे टोमॅटोची चटणी. फरा म्हणजे तांदळाच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या, वाफवून तिळाची फोडणी दिलेल्या. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी. कोकणातल्या माणसाला वडे आठवतील. अइरसा तर आपला अनारसाच. पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी पाहिली की विदर्भातले लोक "अरे, पानगे!" म्हणतात. ठेठरी बेसनाची, खुर्मी गूळ-कणकेची. दोन्ही तळलेली, टिकणारी, शिदोरीला बांधायची.

पण खरं छत्तीसगडी जेवण दुकानाच्या पाटीवर नाही, पंचांगात आहे. आणि तिथे आपलं नातं पक्कं आहे. इथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून आपली आषाढी अमावास्या ती यांची श्रावणातली. त्या दिवशी आपल्याकडे कणकेचे गोड दिवे, इथे हरेली आणि गुळाचा चिला. पुढच्या अमावास्येला आपला पोळा, यांचा पोरा. मातीचे बैल, ठेठरी-खुर्मीचा नैवेद्य. तिसऱ्या दिवशी आपली हरतालिका, यांची तीजा. लेकी माहेरी येतात. उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला करू भात म्हणतात, म्हणजे कडू भात. आमची आजी शेजारणीकडून तो वाटीभर मागून आणायची आणि म्हणायची, "अगं, माहेरचा कडू घाससुद्धा गोडच असतो." हा भात कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. तो मिळतो कोणीतरी घरी बोलावलं तर.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. पदार्थ टिकतील, पण तांदूळ? डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरच्या तांदूळ संशोधन संस्थेत गावोगावहून सुमारे १९ हजार धानाचे नमुने गोळा केले. ते बियाणं पुढे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आलं. २००२ मध्ये त्यावर एका परदेशी बियाणे कंपनीशी कराराची बोलणी सुरू झाली, राज्यभर ओरड झाली आणि ती बारगळली. सरगुज्याच्या जीराफूलला २०१९ मध्ये आणि नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलं झालं. पण हजारांतले दोन. बाकीचे वाण शीतगृहात आहेत, शेतात फार थोडे. बाजारच्या कुठल्याही पिठाचा चिला चिलाच दिसतो. त्याचा वास मात्र त्याच्या धानाचा असतो.

तर पाहुणे मंडळी, रायपूरला आलात तर गढ कलेव्यात जरूर जा. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या दिवसांत आलात तर राजिमच्या जत्रेत गुळात घोळवलेला उखरा घ्या. पोळ्याच्या सुमारास आलात तर कोणाच्या तरी घरी जा. आणि जे ताटात येईल त्यावर एक प्रश्न विचारा: "दीदी, हा तांदूळ कोणता?" दहा पाहुण्यांनी विचारलं, तर अकराव्यासाठी कोणीतरी तो पेरेल.

पुढच्या भागात आपण राजिमलाच जाऊ, तिथल्या राजीवलोचन मंदिरात. तोपर्यंत नमस्कार.