सावंतवाडीचा राजवाडा आणि ‘अखंड’ हा शब्द

आमच्या घिवलीहून सावंतवाडी म्हणजे कोकणाचं दुसरं टोक. बोईसरहून आधी मुंबई, मग रात्रभर कोकण रेल्वे, आणि सकाळी मोती तलावासमोरचा राजवाडा. तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळातला. आतल्या दरबार हॉलमध्ये जुन्या वस्तू आहेतच, पण मी गेले होते गंजिफा बघायला. तिथे कारागीर तुमच्यासमोर बसून पत्ते रंगवतात.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. १५२७ साली बाबराने असे पत्ते सिंधला भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ९६ पत्ते. आपल्याकडे त्याचा दशावतारी संच झाला: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा.

गंमत पुढे आहे. पाच अवतारांत प्रधानाच्या खालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा! दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची सुरुवात, रात्री कृष्णाचा. आता हे पत्त्याकडे कितीही टक लावून बघा, दिसणार नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे माझं लक्ष आधी लाखेच्या थराकडे आणि चिंचोक्याच्या खळीकडे गेलं. वहीची चार पानं भरली, आणि खेळाबद्दल एक ओळ नव्हती.

परत आल्यावर टिपणात लिहिलं, ‘अठराव्या शतकापासून अखंड चालत आलेली कला’. गाइडनी ‘अखंड’ला गोल केला आणि विचारलं, कशावरून?

कशावरूनच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ बंद पडली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली, आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम पुन्हा उभं केलं. म्हणजे मी जे पाहिलं ते पुन्हा सुरू केलेलं काम होतं. ‘अखंड’ लिहिलं की या दोघांची मेहनत आणि त्या म्हाताऱ्या चिताऱ्याचं शिकवणं, दोन्ही पुसलं जातं. शिवाय गिऱ्हाईकही बदललंय. पूर्वी खेळणारे घ्यायचे, आता बहुतेक पर्यटक आणि संग्राहक घेतात. कारागिरांचं पोट त्यावर आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण संशोधनात हा फरक लिहावाच लागतो.

तेव्हा पेटच्या मुलाखतीसाठी प्रस्ताव लिहिताय ना, त्यातले ‘प्राचीन’, ‘अखंड’, ‘पारंपरिक’ एकदा शोधून बघा.

माझं पुढचं काम म्हणजे दशावतारी गंजिफा अजून खेळणारं कुणी सापडतंय का ते बघणं. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील तर आधी त्यांनाच विचारा, आणि मला कळवा.